मुंबईच्या खिडकीपासून टपाल कार्यालयापर्यंत : जळगाव-धुळ्याच्या पासपोर्टाची वाटचाल

पासपोर्ट कार्यालयाचा इतिहास बहुधा दिल्लीतून लिहिला जातो. त्यात कायदे येतात, परिपत्रके येतात, मंत्र्यांच्या हस्ते झालेली उद्घाटने येतात. स्मरणिकेतला हा लेख मात्र खानदेशच्या बाजूने लिहिला आहे. जळगाव आणि धुळ्याच्या अर्जदाराला या संस्थेचा अनुभव दोन अंतरांतून आला. पहिले अंतर मैलांचे : आपले गाव आणि कार्यालयाची खिडकी यांच्यातले. दुसरे कागदांचे : माणूस प्रत्यक्षात आहे तसा आणि दाखल्यांवर आहे तसा, यांच्यातले. पहिले अंतर गेल्या सत्तर वर्षांत जवळजवळ मिटले. दुसरे कमी झाले, पण मिटलेले नाही. या संस्थेची कमाई आणि उणीव या दोन्ही गोष्टी त्यातच आहेत.

सक्तीचा आरंभ

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्या काळात देश सोडायला पासपोर्ट बाळगण्याची सक्ती नव्हती. पैसा, बोटीचे तिकीट आणि घरच्यांची परवानगी मिळवणे हीच मोठी अडचण होती. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सरकारला समुद्रावरून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद हवीशी वाटू लागली. भारत संरक्षण कायद्याखालील नियमांनी भारतात येण्यासाठी आणि भारताबाहेर जाण्यासाठी पासपोर्ट आवश्यक केला. युद्ध संपल्यावर ही सक्ती संपेल, असे कोणाला वाटले असेल, तर तसे झाले नाही. १९२० मध्ये पासपोर्टाचा स्वतंत्र कायदाच झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे नियम आले. देशात प्रवेश करण्याविषयीचा हा कायदा स्वातंत्र्यानंतरही टिकला. १ सप्टेंबर २०२५ रोजी नवा आप्रवास व परकीय नागरिक कायदा लागू झाला, तेव्हा कुठे तो निवृत्त झाला. युद्धातली तात्पुरती तजवीज शंभरावर वर्षे चालली.

१९३५ च्या कायद्याने पासपोर्ट हा केंद्राचा विषय ठरवला, पण प्रत्यक्ष काम प्रांतांकडेच राहिले. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणून इथल्या माणसासाठी पासपोर्टाची वाट मुंबईलाच जात होती.

पहिली पाच कार्यालये

१९५४ मध्ये केंद्र सरकारने पासपोर्ट देण्यासाठी स्वतःची पहिली पाच प्रादेशिक कार्यालये उघडली : मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर. यादीतले नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते. त्यामुळे एक गमतीशीर रेषा खानदेशच्या पूर्व टोकावरून गेली. मुक्ताईनगर, म्हणजे त्या वेळचे एदलाबाद, मुंबई राज्यात होते, तर लगतचा मलकापूर तालुका बुलढाणा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात होता. काही कोसांवरची ही दोन गावे. एकाचे राज्य मुंबईकडे तोंड करून, दुसऱ्याचे नागपूरकडे. पुढे राज्यपुनर्रचना झाली, महाराष्ट्र झाला, पूर्व खानदेशाचा जळगाव आणि पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला; १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्ह्यांची नावे आणि हद्दी बदलत गेल्या, पासपोर्टाची वाट मात्र दीर्घकाळ पश्चिमेकडेच राहिली.

१९५९ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत केंद्रीय पासपोर्ट व उत्प्रवास संघटना उभी राहिली. पासपोर्ट देणे आणि परदेशी कामाला जाणाऱ्या मजुरांचे रक्षण करणे ही दोन कामे एका छपराखाली आली.

मेहेरबानीचा हक्क झाला

१९६७ पर्यंत पासपोर्ट मिळणे ही सरकारची मेहेरबानी होती. द्यायचा की नाही, दिलेला परत मागायचा की नाही, हे अधिकारी ठरवत आणि कारण सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. सतवंत सिंग साहनी या व्यावसायिकाला त्याचे पासपोर्ट परत करायला सांगण्यात आले, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याचा आधार असल्याशिवाय सरकार तो हिरावून घेऊ शकत नाही. सरकारपाशी तसा कायदाच नव्हता. घाईने ५ मे रोजी अध्यादेश निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. तोच दिवस आज पासपोर्ट सेवा दिन म्हणून पाळला जातो.

खिडकीवरच्या माणसाच्या दृष्टीने या कायद्यातल्या तीन तरतुदी महत्त्वाच्या. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येईल, त्यांची यादी कायद्यातच आली. नाकारताना कारण लेखी नोंदवणे आणि, काही अपवाद सोडले तर, अर्जदाराने मागितल्यास त्याची प्रत देणे बंधनकारक झाले. आणि निर्णयावर अपील करण्याची सोय झाली. १९७७ मध्ये मेनका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला आणि कारणे सांगण्यास नकार मिळाला. त्या प्रकरणात २५ जानेवारी १९७८ रोजी न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले : नुसता कायदा असून भागत नाही, त्याची कार्यपद्धतीही न्याय्य आणि वाजवी हवी. आज जळगावचा अर्जदार ‘माझी फाइल का थांबली?’ असे विचारतो, त्या प्रश्नाला या दोन निकालांचा आधार आहे.

अर्जाचा प्रवास

हक्क कागदावर आला तरी खिडकी लांबच होती. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. धुळेकराला एक तर एसटीने आग्रा रोड धरायचा, नाही तर चाळीसगाव गाठून तिथून मुंबईची गाडी पकडायची. वरळीला अ‍ॅनी बेझंट रोडवरच्या मनीष कमर्शियल सेंटरमधले प्रादेशिक कार्यालय खानदेशच्या अनेकांना पत्त्यासह पाठ होते. रात्रीच्या गाडीने निघायचे, पहाटे दादरला उतरायचे, नातेवाइकाकडे आंघोळ उरकून रांगेत उभे राहायचे. एखादी झेरॉक्स साक्षांकित नसली, की पुन्हा तीच रात्रीची गाडी. या दगदगीतूनच गावोगावी एजंट उभे राहिले. एजंटाची फी ही अज्ञानाची किंमत होती, तशीच अंतराचीही.

त्या काळी अर्जाबरोबर वैयक्तिक माहितीचे नमुने जोडावे लागत. ते प्रादेशिक कार्यालयाकडून जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात, तिथून संबंधित पोलीस ठाण्यात आणि शेवटी हवालदाराच्या हाती पोचत. हवालदार घरी येई, ओळख पटवणाऱ्या शेजाऱ्यांची विचारपूस करी, गुन्ह्यांची नोंद तपासून शेरा मारी. मग कागद आल्या वाटेने परत जात. शेतात राहायला गेलेले कुटुंब, सुरतेला कामाला गेलेला मुलगा, पत्त्यावर ‘मु. पो.’ लिहून संपलेले गाव : असे काही असले, की ‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा येई आणि फाइल बसून राही. अर्जदाराला ती कुठे बसली आहे, हे कळण्याचा मार्ग म्हणजे पत्र लिहिणे किंवा पुन्हा मुंबई.

भुसावळची अडचण वेगळीच. रेल्वे आणि आयुध निर्माणी यांच्यामुळे भुसावळ-वरणगाव पट्ट्यात केंद्र सरकारी नोकरांची संख्या मोठी. त्यांना खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागे आणि ते मिळेपर्यंत अर्जच भरता येत नसे.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज स्वीकारण्याची सोय झाली. जिल्हा पासपोर्ट कक्ष आणि स्पीड पोस्ट केंद्रे अर्ज घेऊन प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवू लागली. अर्ज टाकायला मुंबईला जाणे टळले. पण ही केंद्रे पोस्टाच्या पेटीसारखी होती, त्यांना उत्तर देता येत नव्हते. चौकशीसाठी वाट जुनीच.

हजची वाट

खानदेशातल्या हज यात्रेकरूंचा वेगळा उल्लेख करायला हवा. भुसावळ, रावेर, जळगाव, धुळे या पट्ट्यातून दरवर्षी लोक हजला जातात. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला बोटीने जाता येत होते. हज समितीमार्फत जाणाऱ्याला नेहमीच्या पासपोर्टाऐवजी खास यात्रा-पास मिळत असे, त्यामुळे आयुष्यात एकदाच परदेशी जाणारी मंडळी पासपोर्टाच्या फेऱ्यातून सुटत. २००९ च्या हजपासून आंतरराष्ट्रीय पासपोर्ट बंधनकारक झाला. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, अशी वयस्कर माणसे एकदम अर्जदार झाली. पासपोर्ट ही नोकरदार आणि व्यापाऱ्यांची वस्तू उरली नाही, ती गल्लीतल्या आजी-आजोबांचीही गरज झाली.

जळगावच्या राष्ट्रपती आणि नवी व्यवस्था

भारतीय पासपोर्टच्या पहिल्या पानावर जगातल्या अधिकाऱ्यांना जी विनंती छापलेली असते, ती राष्ट्रपतींच्या नावे असते. २५ जुलै २००७ ते २५ जुलै २०१२ या पाच वर्षांत ती प्रतिभाताई पाटील यांच्या पदाच्या नावे होत होती. १९६२ मध्ये जळगावातून आमदार झालेल्या आणि पुढे एदलाबादचे प्रतिनिधित्व केलेल्या प्रतिभाताई राष्ट्रपती असतानाच पासपोर्टाच्या कारभाराची सगळ्यात मोठी फेरमांडणी झाली, हा योगायोग खानदेशाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सप्टेंबर २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पासपोर्ट सेवा प्रकल्प मंजूर केला. २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीशी करार झाला, २०१० मध्ये बंगळूर आणि चंडीगड भागांत प्रयोग झाले आणि जून २०१२ पर्यंत देशभर ७७ सेवा केंद्रे सुरू झाली. त्यांतले एक नाशिकला निघाले. धुळेकराला नाशिक दीडशेच्या थोडे पुढे, जळगावकराला अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तरी एका दिवसात जाऊन येण्याजोगे.

केंद्रातल्या कामाची वाटणी अ, ब आणि क अशी झाली. ‘अ’ खिडकीवर कंपनीचा कर्मचारी फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांच्या प्रती घेतो. ‘ब’वर सरकारी कर्मचारी मूळ कागद पडताळतो. ‘क’वर पासपोर्ट द्यायचा की नाही, याचा निर्णय अधिकारी घेतो. निर्णयाचा अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला, बाकीची धावपळ कंपनीकडे दिली. अर्ज संगणकावर भरायचा, वेळ ठरवून जायचे, आणि प्रत्येक अर्जाला फाइल क्रमांक. या क्रमांकाने चौकशीचा चेहरामोहरा बदलला. ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणत खिडकीपुढे वाकणारा माणूस आता घरबसल्या फाइल पोलिसांकडे आहे की छपाईला गेली, हे पाहू लागला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत उत्तर देणारे निःशुल्क दूरध्वनी केंद्र आले. अडलेल्या प्रकरणांसाठी पासपोर्ट अदालती भरू लागल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये साध्या पासपोर्टाची फी १,००० वरून १,५०० रुपये झाली, पण एजंट आणि फेऱ्या यांचा खर्च वजा केला तर खानदेशच्या माणसाला नवी व्यवस्था स्वस्तच पडली.

टपाल कार्यालयात

२०१७ च्या जानेवारीत परराष्ट्र मंत्रालय आणि टपाल खाते यांनी मिळून म्हैसूर आणि दाहोद येथे टपाल कार्यालयातली पहिली पासपोर्ट सेवा केंद्रे उघडली. कल्पना साधी : टपाल कार्यालय सगळीकडे आहे, लोकांचा त्यावर विश्वास आहे, मग नवी इमारत कशाला? त्यानंतरच्या विस्तारात जळगाव आणि धुळ्यालाही अशी केंद्रे मिळाली. देशभरात आज अशी चारशेहून अधिक केंद्रे आहेत. मनीऑर्डर आणि बचत खात्यासाठी ज्या इमारतीत तीन पिढ्या ये-जा करत होत्या, तिथेच आता फोटो आणि ठसे होतात. तयार पासपोर्टही स्पीड पोस्टनेच घरी येतो.

त्याच सुमारास नियमही सैल झाले. २६ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्याची सक्ती होती. २३ डिसेंबर २०१६ रोजी जाहीर झालेल्या बदलांनी ती काढली. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार, वाहन परवाना असे पुरावे चालू लागले. आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरेसे झाले. विवाह प्रमाणपत्राची गरज संपली, घटस्फोटितेवर नवऱ्याचे नाव लिहिण्याची सक्ती राहिली नाही. प्रतिज्ञापत्रे नोटरीऐवजी साध्या कागदावर चालू लागली. खात्याचे ना हरकत वेळेत न मिळाल्यास, आपण खात्याला कळवले आहे असे स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा सरकारी नोकराला मिळाली. भुसावळची जुनी गाठ थोडी सुटली. जून २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, आणि पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या पत्त्यावर होते.

मुंबईचे कार्यालयही बदलले. ऑगस्ट २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन उघडले आणि पासपोर्ट व उत्प्रवासी संरक्षक ही कार्यालये एकत्र आली. आखाती देशांत कामाला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या तरुणाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली ठरावीक १८ देशांसाठी संरक्षकाची परवानगी लागते. फसवणुकीपासून वाचवणारी ही अट आहे, जाचक वाटली तरी.

येणाऱ्यांची दारे

जाणाऱ्यांसाठी पासपोर्ट, तसे येणाऱ्यांसाठी दुसरे दार. जिल्ह्यात परकीय नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षकांकडे होते. अजिंठ्याला जाणारे परदेशी पर्यटक जळगावात मुक्काम करतात. त्यांची माहिती २४ तासांच्या आत कळवणे ही लॉजमालकाची जबाबदारी आहे. नागरिकत्वाचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जळगाव, भुसावळ, धुळे येथे बाजारपेठा उभ्या केल्या. त्यांच्यातल्या मागाहून आलेल्या नातेवाइकांचे अर्ज दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे थांबलेले असत.

११ मार्च २०२४ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम जाहीर झाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना हा मार्ग खुला झाला. यातून मुस्लीम वगळल्याबद्दल देशभर वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कारभाराच्या दृष्टीने एक गोष्ट लक्ष वेधते : अर्ज तपासणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुखपद टपाल अधीक्षकांकडे आले. कागद पडताळणे आणि निष्ठेची शपथ देणे ही कामे टपाल खात्याचा अधिकारी करतो. देशाबाहेर जायचा कागद आणि देशाचा होण्याचा कागद, दोन्हींसाठी आता टपाल कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

कागदांचे अंतर

खानदेशात पन्नाशी-साठीच्या माणसांचा वाढदिवस विचारला तर पुष्कळांचा १ जून निघतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ही तारीख जन्मभर पुरली, पण ग्रामपंचायतीच्या नोंदीत दुसरी तारीख सापडली की पासपोर्टाचा अर्ज अडतो. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या साठीच्या आईचा पहिला अर्ज बहुधा इथेच थांबतो : सातबाऱ्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, आधारवर माहेरच्या नावाचा उरलेला तुकडा. सातपुड्याच्या पाड्यांवर तर नोंदच उशिरा झालेली असते.

यातला बराचसा प्रश्न पासपोर्ट कार्यालयाचा नाही. तो ग्रामसेवक, शाळा आणि नगरपालिका यांच्या नोंदवह्यांचा आहे. पुढच्या पिढीसाठी तर या वह्यांचे वजन आणखी वाढणार आहे. २०२५ मध्ये बदललेल्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच एकमेव पुरावा. म्हणजे आज जन्मलेल्या मुलीचा पासपोर्ट ग्रामपंचायतीत नोंद होते त्या दिवशीच निम्मा तयार होतो, किंवा अडतो.

जे पासपोर्ट संस्थेच्या हाती आहे, तेही सांगायला हवे. टपाल कार्यालयातले केंद्र कागद घेते, पडताळते. मंजुरी प्रादेशिक कार्यालय देते. फाइल सरळ असेल तर अर्जदाराला हा फरक जाणवतही नाही. ती अडली, तर मात्र काही प्रकरणांत आजही मुंबई गाठावी लागते. १९६७ च्या कायद्याने नाकारण्याचे कारण सांगणे बंधनकारक केले. फाइल थांबवण्याचे कारण अर्जदाराला कळेल अशा भाषेत, जळगाव किंवा धुळ्याच्याच खिडकीवर सांगणारा आणि त्यावर निर्णय घेऊ शकणारा अधिकारी आठवड्यातून एक दिवस जरी बसला, तरी उरलेले अंतर बरेच कापले जाईल. २०२४ मध्ये ई-पासपोर्टाचा प्रयोग नागपूर आणि भुवनेश्वर येथे सुरू झाला. चिपचा पासपोर्ट खानदेशातही येतो आहे. पुस्तिकेत चिप घालण्याइतकेच खिडकीवर निर्णयाचा अधिकार आणणेही महत्त्वाचे आहे. या संस्थेच्या पुढच्या दशकाची परीक्षा तिथे होईल.